आधी अण्णांचं बोट

४ ऑगस्ट

ती. अण्णा यांस,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते, पण तुमची खुशाली आत्याने काल फोनवर रडत रडत सांगितली आहे, तेव्हा ते सोडून देते. हे पत्र आत्याच वाचून दाखवणार, कारण तुम्हाला आता अक्षरं नीट दिसत नाहीत म्हणे. आत्या, तुला आधीच बजावते. मी जिथे रागावले असेन तिथे आवाज मऊ करायचा नाही. जसं आहे तसं वाच.

फोन का नाही केला, तर तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही. आणि ऐकू आलं असतं तर मी दोन मिनिटांत भांडून ठेवून दिला असता. अठरा वर्षं बोललो नाही आपण. सुरुवात भांडणाने नको.

मुद्द्याचं बोलते. वीस ग्रॅमचं पितळी वजन तुमच्या तराजूच्या दुकानातल्या टेबलावरून घरंगळलं आणि खाली काढून ठेवलेल्या बुटात पडलं. तुम्ही तो बूट घातलात, बाजारात जाऊन आलात, आणि मग दिवसभर दुकान पालथं घालून तेच वजन शोधत बसलात. संध्याकाळी आत्याने बूट उचलला तेव्हा ते रक्ताने माखून खाली पडलं. आणि तुम्ही काय म्हणालात? "बरं झालं, सापडलं."

हे ऐकून मी आधी हसले, खोटं कशाला सांगू. मग आत्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. अण्णा, पायाखाली पितळेचा तुकडा घेऊन माणूस दिवसभर चालतो आणि त्याला कळत नाही, याचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे. याच आजाराबरोबर मी लहानाची मोठी झाले. तुमच्या पायांची जाणीव गेली आहे. ती एका दिवसात जात नाही. रक्तात साखर वर्षानुवर्षं साठते आणि मग जाते.

तेव्हा दुकानातल्या चिंध्या बांधणं बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. रक्त तपासा, डोळे तपासा, जखम दाखवा. आत्या, तो नाही म्हणाला तर दुकानाची किल्ली लपवून ठेव. तराजू नसेल तर तो तासाभरात कासावीस होतो, मला आठवतंय.

आईला मी हे पत्र लिहितेय ते माहीत नाही.

तुमची मुलगी


२० ऑगस्ट

अण्णा,

आत्याने रिपोर्ट वाचून दाखवले. साखरेची तीन महिन्यांची सरासरी इतकी वर आहे की मी आत्याला आकडा दोनदा विचारला. डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इन्सुलिन लिहून दिलं, आणि तुम्ही गोळ्या उशीखाली ठेवता. आत्याने उशी झटकली तर खाली गोळ्यांचा सडा. तुम्हाला काय वाटलं, डोक्याखालून चढतात?

आणि वर निरोप काय पाठवलात? "मशीनचं काय ऐकायचं."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही म्हणू नये. तुमच्या तोंडून ते वाक्य मला ऐकवत नाही, आणि का ऐकवत नाही ते आज लिहितेच. आत्या, पाणी पिऊन घे आणि वाच.

मी अकरा वर्षांची होते, नुकता आजार कळला होता, आणि साखर मोजायचं ते छोटं मशीन घरी आलं. तुम्ही तराजू दुरुस्त करणारे. तुमच्या दुकानात कुठलाही काटा आला की आधी त्यावर अस्सल वजन ठेवायचं, मखमलीच्या पेटीतलं, चिमट्याने उचललेलं. काटा खरा बोलला तरच पुढचं काम. मशीनलाही तुम्ही तोच नियम लावलात. रोज सकाळी आधी तुमचं बोट, मग माझं. "मी ठणठणीत माणूस. मी अस्सल. माझं बरोबर दाखवलं तर गुंजेचं बरोबर." सोनाराच्या सगळ्यात लहान वजनाचं नाव तुम्ही मला दिलं होतंत, गुंज. आईला हा सगळा पोरखेळ वाटायचा. मला मात्र फार आवडायचं. आपण दोघं बोट चोखत एकमेकांकडे बघायचो, आणि मला आजारी असल्यासारखं वाटायचंच नाही. आपल्या घरात सगळ्यांचीच बोटं टोचतात, असं वाटायचं.

मग मी पंधरा-सोळाची झाले आणि मशीन तुमच्या बोटावर जास्त दाखवायला लागलं. तुम्ही दुसरं मशीन आणलंत. तेही जास्त. तुम्ही म्हणालात, "या नव्या मशिनींत पासंगच असतो. साठाचा आहे." आणि रिकाम्या तराजूचा झुकाव, पासंग, जसा वजा करतात तसा माझ्या आकड्यातून साठ वजा करायला लागलात. मग ऐंशी. डॉक्टरांनी आकड्याप्रमाणे डोस ठरवून दिला होता, तुम्ही वजा केलेल्या आकड्याप्रमाणे देत गेलात. मी सांगत होते, अण्णा, सारखी तहान लागते. मी वाळत चालले होते. तुम्ही म्हणायचात, "आकडा तर चांगला आहे गं."

मग ताप आला, उलट्या झाल्या, आणि पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा दवाखान्याचं छत होतं आणि आई बाहेर तुमच्यावर ओरडत होती. "कुणी सांगितलं होतं वजा करायला?" तुम्ही एकच वाक्य बोलत होतात. "मी आधी माझ्यावर तपासलं होतं." दार अर्धवट उघडं होतं. तुमचा आवाज मला ऐकू येत होता, चेहरा दिसत नव्हता.

आईने मला तिथूनच मावशीकडे नेलं. ते जाऊ दे. आईचा राग आईपाशी. डोसाचंही जाऊ दे, माणूस चुकतो. मला राग त्याचा नाही. मी मावशीच्या घरात खिडकीशी बसून तुमची वाट बघितली, अण्णा. आज येतील, उद्या येतील. आई नाही म्हणाली तरी येतील, दारात उभे राहतील, "गुंज" म्हणून हाक मारतील. तुम्ही एकदाही आला नाहीत.

एवढं सगळं झाल्यावर तुम्ही मला सांगता की मशीनचं काय ऐकायचं.

आता कामाचं. पाय रोज आरशात बघायचे, तळवे सुद्धा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. अनवाणी फिरायचं नाही. बूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चहात साखर बंद. जेवण वेळेवर, ताट अर्धं भाज्यांनी भरलेलं. घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच साखर तोंडात टाकायची, तेव्हा पथ्य आठवायचं नाही. चालायचं मात्र डॉक्टरांनी जखम भरली म्हटल्यावरच. गोळ्या तोंडातून घ्यायच्या असतात.

मी कुठे काम करते ते आत्याने सांगितलं असेलच. ट्रकच्या वजनकाट्यावर. भरलेली गाडी येते, रिकामी जाते, मी काचेच्या केबिनमध्ये बसून आकडा सांगते आणि ड्रायव्हर माझ्याशी हुज्जत घालतात. तुमचं नाव टाकलं पण काटा काही सुटला नाही.

तुमची मुलगी


११ सप्टेंबर

अण्णा,

आत्या, हे पत्र वाचायच्या आधी दुकानाचं दार लावून घे. गिऱ्हाईक आलं तर थांबेल.

परवा डॉक्टर आत्याला म्हणाले, "हा आजार आजचा नाही. डोळे आणि पाय बघता वीसेक वर्षं तरी झाली असतील." आत्याने मला ते सहज सांगितलं, आणि मीही सहज ऐकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या काट्याची तपासणी होती. तपासणीचं लोखंडी वजन काट्यावर ठेवतात आणि आकडा जुळतो का बघतात. मी केबिनमध्ये बसून बघत होते. माणसं वजन ढकलत होती, आकडा जुळत नव्हता, आणि कुणीतरी खालून ओरडलं, "बाई, काटा बरोबर आहे, वजनच गंजलंय!"

मी खुर्चीतच बसून राहिले. खाली ट्रक हॉर्न वाजवत होते.

इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो की मशीन खराब असेल, किंवा बोटाला काहीतरी लागलेलं असेल, किंवा तुम्ही आपली चूक झाकायला ते वाक्य बोलत असाल. मशीन बरोबर होतं. माझा आकडा बरोबर होता. तुमचाही बरोबर होता. त्या वर्षी तुम्हाला हा आजार लागला होता आणि तुम्ही स्वतःला अस्सल समजत होता.

मी आत्याला फोन केला. म्हटलं, आत्या, असं असं झालं असेल का? ती विचारते, जेवलीस का? ही बाई जेवणावर गेली की समजावं, पाणी मुरतंय. मी म्हटलं, "आत्या, बोल." तर म्हणाली, "त्याने माझ्याकडून शपथ घेतलीय गं."

मग तिने सांगितलं. मी आत बेशुद्ध होते, तेव्हा तू तिथल्या लॅबवाल्याकडे गेलास. मशीन खोटं आहे हे सिद्ध करायला. म्हणालास, माझं रक्त घ्या, मी ठणठणीत माणूस आहे, बघा काय येतं. आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून तू बाकावर बसलास तो उठलाच नाहीस. आत्या शेजारी होती. म्हणजे आई ओरडत होती तेव्हा तुला माहीत होतं. "मी आधी माझ्यावर तपासलं होतं" असं तू म्हणत होतास ते आईला नव्हतंच, स्वतःलाच होतं.

बघ, रागाच्या भरात "तू" आलं. लहानपणी तूच म्हणायचे. राहू दे आता.

मी आत्याला विचारलं, मग त्याने औषध का नाही घेतलं? अठरा वर्षं? ती म्हणाली, "तो म्हणतो, ज्या वजनाने पोरीला खोटं तोललं त्याला शिक्का नाही. रद्द वजनाची डागडुजी करत नाहीत." आणि भेटायला का नाही आला? "रद्द वजन बाजारात फिरवत नाहीत, म्हणाला."

वा रे वा. फार मोठा न्यायाधीश लागून गेलास.

मी आठवतेय, दुकानात खोटं वजन सापडलं की तू छिन्नीने त्यावर फुली मारायचास आणि पेटीच्या तळाशी टाकायचास. तू स्वतःवर फुली मारलीस. पण अण्णा, फिर्याद कुणाची होती? माझी. मला विचारलंस? मी बिछान्यात पडून "अण्णा कुठे आहेत" विचारत होते. मला शिक्षा नको होती, मला तू हवा होतास. स्वतःला शिक्षा केलीस असं तुला वाटतं. मी बापाशिवाय मोठी झाले. माझ्या नवऱ्याने मला सोडलं तेव्हा मी कुणाच्या खांद्यावर रडले नाही. माझी साखर खाली गेली आणि मी रस्त्यात पडले तेव्हा परक्या माणसाने मला उचललं. तुझ्या शिक्षेतला मोठा वाटा मी भोगला आहे, आणि उरलेला आता भोगतेय, कारण तुझा पाय सडतोय आणि मी इथे बसून पत्र लिहितेय.

मला फार राग आलाय. इतका की मघाशी दोनदा इंजेक्शनची सुई हातात घेऊन खाली ठेवली. घेतलं शेवटी. कारण मी घेते, अण्णा. रोज, चार वेळा, कंटाळा आला तरी, रडू आलं तरी. हे तूच शिकवलंस.

आणखी एक गोष्ट तू शिकवलीस, तुला आठवत नसेल तर सांगते. बाजारातली लोखंडी वजनं वापरून वापरून झिजतात. तू ती फेकत नव्हतास. वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात वितळलेलं शिसं ओतायचास, थेंब थेंब, आणि परत अस्सलाशी जुळवायचास. मला धूर लागू नये म्हणून दारात उभं करायचास. मी तिथून ओरडायचे, "भरलं का, अण्णा?" आणि मग त्या वजनाला नवा शिक्का मिळायचा, आणि ते परत बाजारात जायचं.

इन्सुलिन घे. ते शिसंच आहे असं समज. कमी पडलंय तेवढं भरायचं, बस.

उद्यापासून मी माझा सकाळचा आकडा आत्याला फोनवर सांगणार आहे. मला तुझा हवाय.

गुंज


१७ सप्टेंबर

अण्णा,

निरोप मिळाला. "अस्सलात शिसं भरत नाहीत. बाजारच्या वजनात भरतात."

मग बाजारचं वजन हो! मला अस्सल नकोच आहे. मला बाप हवाय. झिजलेला, बुडाला भोक पडलेला, कसाही चालेल. जगातल्या सगळ्या मुलींना बाजारचेच बाप असतात, आणि त्यांचं बरं चाललेलं असतं.

माझा आजचा आकडा एकशे चौदा. तुझा आकडा आला नाही तर मी उद्यापासून इन्सुलिन घेणार नाही. ही धमकी आहे. खोटी आहे, हे तुला कळेल, पण तू घाबरशील हे मला माहीत आहे.

गुंज


५ ऑक्टोबर

प्रिय अण्णा,

धमकी लागू पडली, हे बघून मला स्वतःचा थोडा अभिमान वाटतोय. आत्या म्हणते, पत्र ऐकून झाल्यावर तू सदऱ्याची बाही वर केलीस आणि म्हणालास, "त्या सिस्टरला बोलव." ती आली तेव्हा तिलाच शिकवायला लागलास म्हणे, सिरिंजवरची रेघ डोळ्याच्या समोर धरून वाचायची, वरून नाही. दिसत तर काही नाही तुला. पण जित्याची खोड.

तीनशे वीसवरून दोनशे दहा. दोनशे दहावरून एकशे नव्वद. रोज सकाळी आत्या आकडा सांगते आणि मी केबिनच्या काचेवर खडूने लिहिते. ड्रायव्हर विचारतात, बाई, हे कुठल्या गाडीचं वजन? मी सांगते, आमच्या घरच्या. एकजण म्हणाला, फारच हलकी गाडी आहे. मी म्हटलं, हो, पण माल मोलाचा आहे.

पायाचा अंगठा काढावा लागला, ते कळलं. तू म्हणालास म्हणे की एक बोट कमी झालं, कापायला एक नख कमी. आत्याला हसू आलं नाही. मलाही नाही आलं. पण तू थट्टा केलीस याचं बरं वाटलं.

खरं सांगू का, जखम वर सरकतेय हे मला माहीत आहे. आत्या मला सगळं सांगत नाही, पण मीही काही दुधखुळी नाही. डॉक्टर गुडघ्याखालून म्हणत असतील तर ऐक. पाय गेला तरी तू दुकानात बसू शकशील, काम तर तुझं बसूनच असतं. साखर खाली आली तर जखम भरेल. आधीच आली असती तर, असं मी लिहिणार नव्हते. लिहिलं. आत्या, हे वाक्य वाचू नकोस.

आईला सांगितलं. सगळं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तिने चार वेळा उलगडला आणि चार वेळा घडी घातली. मग म्हणाली, "म्हणायचं होतं ना त्यांनी. एवढंच म्हणायचं होतं." मला वाटलं आता रडेल, पण ती स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने दारात येऊन म्हणाली, "पाय फार दुखतो का गं त्यांचा?" मी म्हटलं, "नाही आई. दुखत नाही, हाच तर आजार आहे." मग ती रडली.

रविवारी येते. कामाचा हंगाम आहे, रांगा लागल्यात, साहेब कुरकुर करतोय, करू दे. माझं मशीन आणते. जुन्या पद्धतीने बघू, आधी एकाचं, मग दुसऱ्याचं.

काही आणू का? साखर सोडून काहीही माग.

तुझी गुंज


२२ ऑक्टोबर

अण्णा,

हे पत्र मी तुझ्या दुकानात बसून लिहितेय, तुझ्या स्टुलावर. त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली तू पत्र्याचा तुकडा लावला आहेस. सगळ्या गावाचे तराजू सरळ केलेस आणि बसायचं स्टूल तेवढं राहिलं.

मी पोचले तेव्हा तुला आदल्या दिवशीच दवाखान्यात हलवलं होतं. जंतू रक्तात गेले होते. पाय काढला, पण ते पायात थांबलेच नव्हते. मला दारातच डॉक्टरांनी सांगितलं. साखर आता बरी आहे, म्हणाले, पण उशीर झाला. मी मान हलवली. उशीर झाला हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी खाटेजवळ आले. तुला चेहरा दिसला नसणार, सावली दिसली असेल. तू विचारलंस, "कोण?" मी म्हटलं, "गुंज." तू हात पुढे केलास. मला वाटलं डोक्यावर ठेवशील. तू माझा हात धरलास आणि एकेक बोट चाचपून बघितलंस. चारही बोटांची टोकं. रोज टोचून टोचून ती कशी झालीत ते माझ्या डोळ्यांना सवयीने दिसत नाही. तुझ्या हाताला लगेच कळलं. पाय बधिर झाले होते तुझे, पण हात शेवटपर्यंत पितळ आणि शिसं ओळखत होते. "अजून दोघांचीही बोटं टोचतात," म्हणालास.

मग सिस्टर मशीन घेऊन आली. तिने तुझं बोट धरलं तर तू हात मागे घेतलास. "आधी हिचं." ती म्हणाली, "आजोबा, पेशंट तुम्ही आहात." तू म्हणालास, "आधी हिचं. ही अस्सल आहे." ती माझ्याकडे बघायला लागली. मी माझं मशीन काढलं, आणि तिच्यासमोर माझं बोट टोचलं. एकशे एकतीस. मोठ्याने सांगितलं. तू मान हलवलीस. मग तुझं बोट पुढे केलंस आणि म्हणालास, "आता बाजारचं बघ."

एकशे ऐंशी.

"पासंग?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "काही नाही, अण्णा. मशीन खरं बोलतंय."

"मग ठीक आहे," म्हणालास, आणि डोळे मिटलेस. त्यानंतर तू काही बोलला असशील तर ते मला समजलं नाही. आई दुसऱ्या दिवशी आली, तुझ्या उशाशी बसली, पांघरूण सारखं करत राहिली. तू तिला ओळखलंस की नाही हे आम्हाला कळलं नाही. ती म्हणते ओळखलंस. मी वाद घालत नाही.

आता तू गेल्याला आठवडा होऊन गेलाय. आत्या आणि मी दुकान आवरतोय. पेटीच्या तळाशी फुली मारलेली वजनं सापडली, मूठभरही नाहीत. एवढ्या वर्षांत तू इतकीच रद्द केलीस. बाकी सगळी, फळीवर ओळीने मांडलेली, शिसं भरलेली. काहींच्या बुडाला इतक्या वेळा भरलंय की मूळ लोखंड किती आणि शिसं किती, कळत नाही. आत्या म्हणाली, लोकांची टाकाऊ वजनं घेऊन बसायचा, म्हणायचा, थांबा, हे होईल. मला तेव्हा खूप रडू आलं. प्रत्येक वजनाला तू म्हणालास, थांबा, हे होईल. एकदा स्वतःला म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं, अण्णा?

आत्याची सुद्धा मी साखर तपासली. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. थोडी वर आहे. डॉक्टरांकडे नेऊन आणली. आता ती माझ्याकडे राहायला येतेय, आणि आईशी तिचं कसं जमेल ते बघायला मी फार उत्सुक नाही.

हे पत्र वाचून दाखवायला आता कुणाची गरज नाही, म्हणून आत्याला दिलं नाही. पण ती समोर बसली आहे आणि विचारतेय, "काय लिहितेस? मोठ्याने वाच की. मला सवय झालीय." वाचेन म्हणते.

आज सकाळी उठले, हात धुतले, मशीन काढलं. डबीतून रक्ताचा थेंब टेकवायच्या दोन पट्ट्या काढल्या. रविवारी यायच्या आधी पत्रात ठरवलं होतं ना, आधी एकाचं मग दुसऱ्याचं, तेव्हापासून हात आपोआप दोनच काढतो. माझं बोट टोचलं. एकशे बावीस. दुसरी पट्टी तशीच तुझ्या टेबलावर राहिली. डबीबाहेर काढलेली पट्टी हवेने खराब होते, परत ठेवायची नसते. मी ती टाकली नाही. तिथेच बसून राहिले, बोट तोंडात धरून.

गुंज